वेगानं फिरणारी हवा : प्रकल्प नोंदी, जानेवारी ते जून

३ जानेवारी

नवी दोनशे पानी वही आणली आणि पहिल्या पानावर प्रश्न लिहून ठेवला: दाबली की आक्रसणारी हवा एखाद्या अक्षाभोवती फार जोरात फिरत असेल, तर तिच्या समीकरणांतून शेवटी काय उरतं?

समीकरणं दोनच. वस्तुमान टिकतं हे एक, आणि संवेग कशानं बदलतो हे दुसरं, म्हणजे नेव्हिए-स्टोक्स. आपण हवेबरोबर फिरत असल्यामुळे दुसऱ्यात कोरिऑलिसचं पद (फिरण्यामुळे प्रवाहाला बाजूला वळवणारं) येतं आणि त्याला रॉस्बी संख्येनं (वेग भागिले 'कोरिऑलिस गुणांक गुणिले लांबी') भागलेलं असतं. दाबाच्या पदाला मॅक संख्येच्या (वेग भागिले आवाजाचा वेग) वर्गानं भागलेलं असतं. दोन्ही संख्या लहान होत गेल्या की ही दोन पदं राक्षसी होतात आणि बाकी सगळं त्यांच्यापुढे किरकोळ ठरतं. दोघांनी एकमेकांना तोलून धरलं तरच काही हाती लागतं. तो तोल खरोखर साधतो का, आणि साधला तर मागे कोणतं समीकरण ठेवून जातो, हे सिद्ध करायचं आहे.

आकडे हाताशी असावेत म्हणून आपल्या गावाचे काढले. सोलापूरचा अक्षांश १७.६६ धरला तर कोरिऑलिस गुणांक सेकंदाला ४.४२ भागिले एक लाख येतो. सेकंदाला १० मीटर वारा आणि १,००० किलोमीटरचा पसारा धरला तर रॉस्बी ०.२३, आणि त्याच वाऱ्याची मॅक संख्या ०.०२९. उन्हाळ्यात होम मैदानावर उठणारी वावटळ दहा मीटरची धरली तर रॉस्बी बावीस हजारांच्या वर जाते. तिला पृथ्वीच्या फिरण्याचा पत्ताच नसतो.

१५ जानेवारी

गड्ड्याची यात्रा, घरभर पाहुणे. वही उघडली नाही.

२८ जानेवारी

लिमिट घ्यायच्या, म्हणजे दोन्ही संख्या शून्याकडे न्यायच्या, आधी उकल असायला हवी, म्हणून महिनाअखेर अस्तित्वाच्या प्रमेयांवर गेली. असंपीड्य, म्हणजे दाबून न आक्रसणाऱ्या, प्रवाहींसाठी लरे यांनी १९३४ मध्ये वीक सोल्यूशनची (समीकरण फक्त सरासरी अर्थानं पाळणाऱ्या उकलीची) कल्पना मांडली. संपीड्य प्रवाहींना मोठ्या सुरुवातीच्या स्थितीसाठी तसंच काही मिळायला १९९८ उजाडलं, ते पिएर-लुई लिओन्स यांचं काम. त्यात दाब हा घनतेच्या एका घातांकासारखा वाढतो असं धरलं आहे आणि तीन मितींत तो घातांक निदान ९/५ लागतो. २००१ मध्ये फायराइस्ल, नोव्होत्नी आणि पेत्झेल्तोव्हा यांनी ही अट ३/२ च्या वर एवढी खाली आणली.

इथं मी बराच वेळ थांबले. एक-अणू वायूंचा ५/३ या अटीत बसतो. आपण श्वासात घेतो त्या हवेचा ७/५, म्हणजे १.४. ती ३/२ च्या खाली राहते. प्रकल्पाचं नाव हवेवरून ठेवलं आणि ज्या प्रमेयावर उभं राहायचं ते हवेला लागू नाही, ही गोष्ट प्रबंधात पहिल्याच प्रकरणात स्पष्ट लिहायची. तळटीपेत ढकलायची नाही.

९ फेब्रुवारी

रविवार घरी प्रयोगात घालवला. आजोबांचा रेकॉर्ड प्लेयर माळ्यावरून काढला, तबकडीवर मधोमध काचेची गोल बरणी ठेवली आणि आठ सेंटिमीटर पाणी भरलं. मिनिटाला ३३ आणि एक तृतीयांश फेरे. पाच-सहा मिनिटं तसंच फिरू दिलं, म्हणजे आतलं पाणी बरणीबरोबर एकजीव फिरायला लागतं. मग ड्रॉपरनं निळ्या शाईचे दोन थेंब सोडले.

शाई पसरली नाही. तिचे उभे पडदे झाले. वरून बघितलं तर कागदावर ओढल्यासारख्या बारीक वळणदार रेघा, बाजूनं बघितलं तर तळापर्यंत गेलेल्या निळ्या भिंती. हळूच पेन्सिलीचं टोक वरच्या वर फिरवलं तर अख्खा पडदा तळापर्यंत सरकला. प्राउडमन यांनी १९१६ मध्ये कागदावर दाखवलं आणि टेलर यांनी नंतर टाकीत फिरवून दाखवलं ते हेच: जोरात फिरणारं प्रवाही अक्षाच्या दिशेनं बदलायला तयार नसतं, ते खांबाखांबांनी हलतं. माझ्या बरणीत वेग सेकंदाला एक सेंटिमीटर आणि लांबी दहा सेंटिमीटर धरली तर रॉस्बी ०.०१४ येते. पडदे इतके स्वच्छ का दिसतात ते त्यावरून कळतं.

आईनं बघितलं आणि विचारलं, "ही शाई मिसळत का नाही गं?" तिला पाच मिनिटांत नीट सांगता आलं, याचं फार समाधान वाटलं.

२० फेब्रुवारी

आज लाटा. राक्षसी पदं तेवढीच ठेवली आणि बाकी सगळं काढून टाकलं की घनतेचं विचलन आणि वेग यांची एक सरळ रेषीय व्यवस्था उरते. तिच्यात दोन प्रकारच्या लाटा सापडतात. एका टोकाला आवाजाच्या लाटा आणि दुसऱ्या टोकाला फिरण्यामुळे जन्मलेल्या जडत्वीय लाटा. पण दोन्ही एकमेकींत गुंतलेल्या असतात, शुद्ध अशी एकही राहत नाही. वारंवारितेचा वर्ग काढायला एक साधं वर्गसमीकरण पुरतं: मुळांची बेरीज 'एक अधिक तरंगसंख्येचा वर्ग', आणि गुणाकार 'उभ्या तरंगसंख्येचा वर्ग'.

हातानं एक उदाहरण केलं. आडवी तरंगसंख्या १, उभी π. बेरीज ११.८७, गुणाकार ९.८७. मुळं १०.९७ आणि ०.९०, म्हणून वारंवारिता ३.३१ आणि ०.९५. पहिली बहुतांशी आवाज, दुसरी बहुतांशी फिरणं. उभी तरंगसंख्या शून्य केली तर एक मूळ थेट शून्य होतं. शून्य वारंवारिता म्हणजे न हलणारा भाग, आणि लिमिटमध्ये राहणार तो हाच. या भागात वेग पूर्ण आडवा असतो, उंचीनुसार बदलत नाही, आणि दाबाच्या समरेषांना धरून वाहतो. हवामानाच्या नकाशावर वारा समदाब रेषांना समांतर दाखवतात तो हाच तोल.

एम.एस्सी.च्या एका विद्यार्थिनीनं विचारलं की २०१८-१९ ला सोलापुरात ढगांवर बीजारोपणाचे प्रयोग झाले, त्यांना हे गणित लागतं का. पाच किलोमीटरचा ढग धरून तिच्याकडूनच रॉस्बी काढून घेतली. ४५ आली. "मग नाही लागत," ती स्वतःच म्हणाली.

५ मार्च

फायराइस्ल, गालाघर आणि नोव्होत्नी यांचं २०१२ मधलं काम संपूर्ण वाचलं. तिथं प्रवाही दोन समांतर पातळ्यांमध्ये आहे आणि आडवं अनंतापर्यंत पसरलेलं आहे. लाटा मरत नाहीत, पण निघून जातात. हे सिद्ध करायला ते क्वांटम भौतिकीतलं रुएल, अम्राइन, जॉर्जेस्कू आणि एन्स यांच्या आद्याक्षरांचं 'रेज' प्रमेय वापरतात: लाटा चालवणाऱ्या ऑपरेटरला तिथं आयगेनव्हॅल्यू (म्हणजे जागीच अडकून राहणारी लाट) नसेल तर ठरावीक जागेत लाटेची ऊर्जा वेळेच्या सरासरीत शून्याकडे जाते.

माझं क्षेत्र चौकोनी पेटी आहे, आवर्ती. इथं लाटांना जायला जागा नाही. त्या फिरून पुन्हा येतात आणि एकमेकींशी गुणल्या जातात. लहान लाट गुणिले लहान लाट यातून न हलणारा मोठा भाग तयार होत नाही, हे वेगळ्या वाटेनं दाखवावं लागेल.

१७ मार्च

लेमा ४ (मोठ्या सिद्धतेतली एक पायरी) लिहून झाला, दीड पान. लाटांचा गुणाकार लिमिटमध्ये उपद्रव करत नाही. सरांना मेल केला.

२ एप्रिल

लेमा ४ चुकला आहे.

सरांनी केबिनमध्ये वही उघडून तिसऱ्या ओळीवर बोट ठेवलं. "तुम्ही व्होर्टिसिटी कॉम्पॅक्ट आहे म्हणता. तिचा वेळेबरोबरचा बदल बांधून दाखवा बरं."

व्होर्टिसिटी म्हणजे प्रवाह जागच्या जागी किती गरगरतो त्याचं माप, आणि कॉम्पॅक्ट म्हणजे लिमिट घेताना थरथरत न राहणारी. फळ्यावर वेगाचा कर्ल, म्हणजे तेच माप, घेतला. एप्सिलॉन (रॉस्बी आणि मॅक दोन्ही जिच्याइतक्या धरल्या ती लहान संख्या) गुणिले व्होर्टिसिटीचा बदल बरोबर उणे डायव्हर्जन्स (प्रवाह किती फाकतो ते). म्हणजे व्होर्टिसिटी एक भागिले एप्सिलॉन एवढ्या वेगानं थरथरते आहे. तिला स्थिर धरता येत नाही. असंपीड्य प्रवाहीत डायव्हर्जन्स शून्य असतो, म्हणून तिथं ही ओळ बरोबर ठरली असती. मी पाच वर्षं पाण्याची समीकरणं शिकवली आहेत आणि हात त्याच सवयीनं चालला. बरणीतल्या शाईच्या पडद्यांनी तर खात्रीच दिली होती. पण बरणीत पाणी होतं.

चूक एकाच ओळीत नाही हेही संध्याकाळी लक्षात आलं. संवहनाचं पद (प्रवाह स्वतःच्या वेगालाच वाहून नेतो ते) उलगडताना 'वेग गुणिले त्याचाच डायव्हर्जन्स' हा तुकडा मी लिहिलाच नव्हता. तोही पाण्यात शून्यच असतो.

रात्री दोनदा लाईट गेली. गच्चीवर अंथरूण टाकलं तरी झोप लागली नाही.

५ एप्रिल

तो तुकडा परत आणला. आता दोन वाईट पदं झाली. आधी एकच होतं.

११ एप्रिल

सापडलं. सविस्तर लिहून ठेवते, कारण प्रबंधात हे नीटनेटकं होऊन बसेल आणि कसं सापडलं ते हरवेल.

उभी सरासरी घेतलेला भाग धरायचा. अक्षरं: वेग म्हणजे व, त्याला काटकोनात वळवला की व-लंब, घनतेचं विचलन घ, व्होर्टिसिटी भ. ग्रेडियंट म्हणजे एखादी राशी कुठल्या दिशेनं किती वाढते ते. आधी सगळं मॉलिफाय करून गुळगुळीत करून घ्यायचं, म्हणजे वाटेल ते डेरिव्हेटिव्ह घेता येतात. लाटांची दोन समीकरणं अशी:

एप्सिलॉन × (घ चा बदल) = − व चा डायव्हर्जन्स
एप्सिलॉन × (व चा बदल) = − व-लंब − घ चा ग्रेडियंट

संवहनाचं पद उलगडलं की तीन तुकडे पडतात: एक शुद्ध ग्रेडियंट (तो दाबात जातो, त्याची काळजी नाही), दुसरा भ × व-लंब, आणि तिसरा मी विसरलेला व × डायव्हर्जन्स.

तिसऱ्यात डायव्हर्जन्सच्या जागी पहिल्या समीकरणातून उणे एप्सिलॉन × (घ चा बदल) ठेवला. मग गुणाकाराचा नियम वापरून वेळेचं डेरिव्हेटिव्ह घ वरून व वर ढकललं. एप्सिलॉनसकट अख्ख्या गुणाकाराचा बदल म्हणून जे उरतं ते लिमिटमध्ये शून्य. आणि व वर पडलेल्या डेरिव्हेटिव्हच्या जागी दुसरं समीकरण ठेवलं. हातात आलं: उणे घ × व-लंब, आणि उणे घ × घ चा ग्रेडियंट. शेवटचं म्हणजे घ च्या वर्गाच्या निम्म्याचा ग्रेडियंट, तोही दाबात गेला.

आता दुसरा आणि तिसरा तुकडा एकत्र केला: (भ − घ) × व-लंब.

पेन खाली ठेवून मी दोन मिनिटं नुसती बसून राहिले. कारण कर्ल घेतला होता तेव्हा एप्सिलॉन × (भ चा बदल) हा उणे डायव्हर्जन्स आला होता, आणि घ चाही नेमका तेवढाच. वजाबाकी केली की उजवीकडे शून्य. भ एकटी थरथरते, घ एकटी थरथरते, पण दोघी एकाच ठेक्यात थरथरतात आणि त्यांचा फरक स्थिर राहतो. स्थिर म्हणजे कॉम्पॅक्ट, आणि कॉम्पॅक्ट गुणिले वीक म्हणजे लिमिट घेता येते. लाटा पेटीतून बाहेर जायची गरजच उरली नाही.

जे पद मी सवयीनं टाकून दिलं होतं तेच लेमाला वाचवतं. घनता तिथं बघ्याच्या भूमिकेत नसते. व्होर्टिसिटीची निम्मी बाजू ती उचलून धरते.

ही युक्ती मी शोधलेली नाही. लिओन्स आणि मास्मूदी यांनी १९९९ मध्ये न फिरणाऱ्या प्रवाहीसाठी अशी स्थानिक वाट दाखवली होती, आणि फिरणाऱ्यांसाठी गालाघर आणि सँ-रेमों यांच्या कामात तिच्या खुणा आहेत. पण कागदावर स्वतःच्या चुकीतून तिथं पोचण्याचं मोल वेगळं.

लिमिटचं समीकरण लगेच लिहिता येतं. न हलणाऱ्या भागात व हा घ च्या ग्रेडियंटला काटकोनात असतो, म्हणून भ म्हणजे घ चा लाप्लासियन (ग्रेडियंटचा डायव्हर्जन्स). वाहून जाते ती 'लाप्लासियन घ वजा घ' ही राशी, आणि वर स्निग्धतेचं पद. द्विमितीय नेव्हिए-स्टोक्सला एक जादा 'वजा घ'. मूळ प्रवाही आक्रसत होतं याची खूण एवढीच राहते.

१४ एप्रिल

उभ्या सरासरीत न बसणाऱ्या लाटांसाठी तोच हिशेब केला. लांबलचक आहे, नवं काही नाही. लेमा ४ पुन्हा उभा राहिला.

२४ एप्रिल

मामा एमआयडीसीतल्या सूतगिरणीत ओपन एंड खात्यात फिटर आहेत. टॉवेलचं जाड सूत तिथं निघतं. बरेच दिवस म्हणत होते, एकदा ये, बघून जा. आज दुसऱ्या पाळीला गेले.

आत बोललेलं ऐकू येत नाही आणि केसांवर कापसाचा भुरका बसतो. मामांनी एक बंद पडलेली पेटी उघडून झिजलेला रोटर काढून माझ्या तळहातावर ठेवला. पोलादी वाटी, चिंचोक्यासारखी गुळगुळीत, आतली भिंत तिरकी, आणि तळाशी जिथं भिंत सर्वांत रुंद होते तिथं कोरलेली बारीक खाच. स्लायव्हर (कापसाचा सैल पेळू) ओपनिंग रोलरनं विंचरला जातो, सुटे तंतू हवेच्या झोताबरोबर नळीतून रोटरमध्ये येतात, भिंतीवरून घसरत खाचेत थर धरतात, आणि तिथून पीळ पडत सूत मधल्या भोकातून बाहेर ओढलं जातं. खाचेत कचरा बसला की सूत ठरावीक अंतरानं जाड-बारीक येतं, आणि मामा नुसत्या सुतावरून बोट फिरवून ते ओळखतात.

"व्यास पस्तीस मिलिमीटर, मिनिटाला लाखभर फेरे," मामा कानाशी येऊन ओरडले. "काय शोधूलालीस गं त्यात?"

घरी येऊन हिशेब केला. लाख फेरे म्हणजे सेकंदाला १०,४७२ रेडियन. कडेचा वेग सेकंदाला १८३ मीटर, म्हणजे आवाजाच्या निम्म्याहून थोडा जास्त. मग एक गोष्ट आठवली जी जानेवारीतच करायला हवी होती. रॉस्बी आणि मॅक सारख्याच कधी होतात? वेग दोन्हीकडून कटतो आणि उरतं: लांबी बरोबर आवाजाचा वेग भागिले कोरिऑलिस गुणांक. सोलापूरच्या आकाशासाठी हे अंतर निघतं सुमारे ७,८५० किलोमीटर. एवढ्या पसाऱ्यात अक्षांश इतका बदलतो की गुणांक एकच धरणंच चूक. म्हणजे इथल्या आकाशात 'वजा घ' हे पद फार क्षीण, तिथं मॅक ही रॉस्बीपेक्षा पुष्कळ लहान असते आणि साधं द्विमितीय नेव्हिए-स्टोक्स पुरतं.

आणि रोटरसाठी? आवाजाचा वेग ३५२ भागिले कोरिऑलिस गुणांक २०,९४४ (१०,४७२ ची दुप्पट). १.७ सेंटिमीटर. रोटरची त्रिज्या १.७५.

ज्या समतोलाचं समीकरण मी चार महिने लिहिते आहे तो आकाशात जवळपास सापडत नाही आणि टॉवेलच्या सुताच्या वाटीत सापडतो. अर्थात निम्मी मॅक संख्या लहान म्हणता येत नाही, आतली हवा गढूळ आणि खवळलेली, त्यामुळे प्रमेय तिथं लागू आहे असं मी म्हणणार नाही. पण मोजमाप त्याच घरातलं आहे.

६ मे

रोटरनं एक प्रश्न उभा केला जो पेटीत मी बाजूला ठेवला होता: केंद्रोत्सारी बल. पृथ्वीवर ते गुरुत्वाकर्षणात जिरून जातं. रोटरमध्ये जिरत नाही. तापमान सगळीकडे सारखं धरलं तर कडेजवळची हवा मध्यापेक्षा सुमारे २१ टक्के दाट असते. म्हणजे स्थिर अवस्थेतच घनता त्रिज्येबरोबर बदलते.

हे धरून न हलणारा भाग पुन्हा काढला. वेग अजूनही एका फलनाच्या ग्रेडियंटला काटकोनात. पण आता 'घनता गुणिले वेग' याचा डायव्हर्जन्स शून्य हवा, आणि त्यातून अट निघते की वेगानं घनतेचा ग्रेडियंट कधीच ओलांडायचा नाही. घनतेच्या समरेषा वर्तुळं, म्हणून प्रवाहाला वर्तुळाशिवाय वाट नाही. शाईच्या नागमोडी रेघा इथं शक्यच नाहीत. आणि वर्तुळाकार प्रवाहात संवहनाचं पद शुद्ध ग्रेडियंट होतं, दाबात जातं आणि संपतं. समीकरण रेषीय होऊन जातं.

फायराइस्ल, गालाघर, जेरार-वारे आणि नोव्होत्नी यांच्या २०१२ मधल्या दुसऱ्या कामाचा निष्कर्ष हाच आहे: दोन्ही संख्या एकाच मापाच्या आणि केंद्रोत्सारी बल धरलेलं, तर लिमिट रेषीय आणि तिची उकल अक्षाभोवती सममित. जानेवारीत वाचलं होतं, तेव्हा वाक्य म्हणून वाचलं. आज २१ टक्क्यांचा आकडा समोर असताना ते का खरं आहे हे दिसलं.

१९ मे

दुपारी खोलीत बसवत नाही. पहाटे पाच ते आठ लिहिते. प्रकरण ३ पूर्ण.

१२ जून

सरांनी लेमा ४ दोनदा वाचला आणि वर छोटी बरोबरची खूण केली. मग रोटर हातात घेऊन बराच वेळ फिरवत राहिले. "भिंत तिरकी आहे," ते म्हणाले. "खोली त्रिज्येबरोबर बदलते. मग वर्तुळं घनतेमुळे की खोलीमुळे?"

प्रश्न बिनतोड आहे. जोरात फिरणारं प्रवाही खांबाखांबांनी हलतं, आणि खांबाला आपली उंची बदलायची नसते. तिरक्या भिंतीखाली तो समान खोलीच्या रेषांवरच फिरेल, आणि रोटरमध्ये त्या रेषाही वर्तुळंच आहेत. घनता पूर्ण समान असती तरी उत्तर हेच आलं असतं. म्हणजे ६ मेची नोंद रोटरला लावताना अर्धीच होती.

दोन कारणं वेगळी करायची तर अशी वाटी घ्यावी लागेल जिच्यात समान खोलीच्या रेषा घनतेच्या वर्तुळांना छेदतात. उदाहरणार्थ तळ एका बाजूला किंचित कललेला. मग प्रवाहाला दोन्ही अटी एकदम पाळता येणार नाहीत आणि न हलणाऱ्या भागात काही उरतच नाही, असं माझं पहिलं अनुमान. तसं असेल तर सगळी ऊर्जा लाटांमध्ये जाईल आणि लेमा ४ तिथं चालणार नाही, कारण त्यातली वजाबाकी सपाट तळावर उभी आहे.

भौतिकशास्त्र विभागातून व्हर्निअर कॅलिपर आणून रोटरची खोली सहा ठिकाणी मोजली, तक्ता मागच्या पानावर. बाहेर आभाळ भरून आलं आहे, अजून थेंब नाही. कललेल्या तळाची रेषीय व्यवस्था मांडून पहिलं पान झालं.